डक्टमधला स्मोक डिटेक्टर: चाचणी आणि देखभालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छताला लावलेला डिटेक्टर निदान येता-जाता दिसतो तरी. डक्टचा, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या वाहिनीवरचा डिटेक्टर बसतो फॉल्स सीलिंगच्या वर किंवा एएचयूच्या (हवा थंड-गरम करून डक्टमध्ये ढकलणाऱ्या यंत्राच्या) खोलीत, हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात. त्यामुळे त्याची आठवण दोनच वेळा होते: तो उगाच वाजला की, नाहीतर तपासणी तोंडावर आली की. खालचे प्रश्न बहुतेक याच दोन प्रसंगांतले आहेत.

डक्ट डिटेक्टर नेमकं काय करतो?

इमारतीतली हवा खेळवणारी यंत्रणा आगीच्या वेळी धूरही तितक्याच इमानाने खेळवते. एका खोलीतला धूर रिटर्न डक्टमधून एएचयूत जातो आणि तिथून सप्लाय डक्टमधून सगळ्या मजल्यावर पसरतो. हे थांबवणं हे डक्ट डिटेक्टरचं काम. धूर दिसला की पंखा बंद करायचा, स्मोक डँपर (डक्टमधल्या धूर अडवणाऱ्या झडपा) मिटवायचे, फायर अलार्मच्या पॅनेलला कळवायचं.

त्याची रचना कळली की चाचणीचं निम्मं काम समजतं. डक्टच्या बाहेर एक डबा असतो आणि त्यातून दोन नळ्या डक्टमध्ये शिरतात. लांब नळी ही सॅम्पलिंग ट्यूब. तिला ओळीने भोकं असतात आणि ती वाऱ्याच्या समोर तोंड करून बसवलेली असते. दुसरी आखूड नळी हवा परत डक्टमध्ये सोडते. समोरून वारा आदळतो तिथे दाब जास्त, परतीच्या नळीपाशी कमी. या फरकामुळे थोडी हवा सतत डब्यातून फिरत राहते. डब्यातल्या चेंबरमध्ये प्रकाशाचा झोत असतो. धुराच्या कणांवरून तो विखुरला आणि सेन्सरवर पडला की अलार्म. सर्वसाधारण डक्ट डिटेक्टरमध्ये हवा खेचणारा पंप नसतो. जे काही आहे ते त्या दाबाच्या फरकावर.

डक्टमध्ये डिटेक्टर आहे, मग खोलीत छताला वेगळा कशाला?

लागतोच. रात्री पंखा बंद केला की डक्टमधली हवा थांबते आणि हा डिटेक्टर आंधळा होतो. पंखा चालू असतानाही एका खोलीतला धूर इतर दहा खोल्यांच्या स्वच्छ हवेत मिसळून त्याच्यापर्यंत पोचतो, म्हणजे खूप विरळ होऊन. आग लवकर ओळखायची जबाबदारी खोलीतल्या डिटेक्टरची. ती डक्टवाल्यावर टाकू नका.

डब्यावर चाचणीचा मॅग्नेट (लोहचुंबक) लावला, लाल दिवा लागला, पॅनेलवर अलार्म आला. झाली ना टेस्ट?

नाही. हे पान लिहायचं मुख्य कारण हाच प्रश्न आहे.

डक्ट डिटेक्टरबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात. डक्टमधली हवा डब्यापर्यंत पोचते का? पोचलेल्या हवेत धूर असेल तर चेंबरला तो कळतो का? आणि कळल्यावर पंखा, डँपर, पॅनेल यांनी जे करायचं ते होतं का? मॅग्नेट किंवा भिंतीवरचा चावीचा टेस्ट स्विच फक्त इलेक्ट्रॉनिक्स आणि पुढची वायरिंग तपासतो. सॅम्पलिंग ट्यूब आतमध्ये तुटून पडली असली, तिची भोकं कापसाने बुजली असली, चेंबरची जाळी धुळीने बंद असली, तरी मॅग्नेट लावल्यावर दिवा ऐटीत लागतो.

म्हणून मॅग्नेट निरुपयोगी आहे असं नाही. धुराच्या चाचणीआधी पॅनेलवर पत्ता बरोबर येतो का, कोणत्या एएचयूचा डिटेक्टर कोणत्या नावाने दिसतो, हे पाहायला तो उत्तम. दोन एएचयूंच्या डिटेक्टरांची नावं पॅनेलवर अदलाबदल झालेली असणं ही अगदी सामान्य चूक आहे, आणि ती मॅग्नेटने पाच मिनिटांत सापडते.

मग हवा आत येते की नाही हे कसं मोजायचं?

मॅनोमीटरने, म्हणजे दाबाचा फरक मोजायच्या साधनाने. पंखा नेहमीच्या वेगाने चालू ठेवायचा, डब्याचं झाकण काढायचं आणि दोन्ही नळ्यांच्या तोंडांशी मॅनोमीटरच्या नळ्या जोडून दाबाचा फरक वाचायचा. नळ्या घट्ट बसण्यासाठी रबरी बूच वापरतात. काही मॉडेलांत यासाठी वेगळी तोंडं दिलेली असतात. अनेक मॉडेलांना हा फरक किमान ०.०१ इंच पाणी (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) आणि जास्तीत जास्त साधारण १.१ इंच पाणी इतका चालतो, म्हणजे सुमारे २.५ ते २७५ पास्कल. पण आकडा आपल्या मॉडेलच्या माहितीपत्रकातूनच घ्यायचा.

०.०१ इंच म्हणजे पाण्याचा जेमतेम पाव मिलिमीटर. पाणी भरलेल्या साध्या यू आकाराच्या नळीवर तो डोळ्यांना दिसणार नाही. तिरका मॅनोमीटर किंवा चांगला डिजिटल मॅनोमीटर हवा, आणि डिजिटल असेल तर आधी शून्य जुळवून घ्यायला विसरू नये.

वाचन कमी आलं तर लगेच डिटेक्टरला दोष देऊ नका. आधी ट्यूबची दिशा बघा: भोकं वाऱ्याकडे पाठ करून बसली असतील तर फरक जवळपास शून्य येतो किंवा उलटा येतो. मग भोकं बुजली आहेत का, परतीची नळी मोकळी आहे का, ट्यूबच्या टोकाचं बूच जागेवर आहे का. सगळं ठीक असेल तर डक्टमधलाच वारा कमी आहे: फिल्टर तुंबलेला, बेल्ट घसरतोय, नाहीतर कुठलातरी डँपर अर्धवट मिटलाय. कित्येकदा असं होतं की डिटेक्टर तपासायला गेलेला माणूस एएचयूचा आजार शोधून येतो.

पंखा व्हीएफडीवर (वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) आहे. कोणत्या वेगाला मोजायचं?

ज्या सर्वांत कमी वेगाने तो रोजच्या वापरात चालतो, त्या वेगाला. आजच्या बऱ्याच डिटेक्टरांना मिनिटाला १०० ते ४००० फूट वेगाची हवा चालते, म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा ते वीस मीटर. जुन्या कित्येक मॉडेलांची खालची मर्यादा मिनिटाला ५०० फूट होती. वीज वाचवायला नंतर व्हीएफडी बसवली, रात्री पंखा मंद चालू लागला आणि जुना डिटेक्टर तिथेच राहिला, तर दिवसा पास होणारा डिटेक्टर रात्री नावालाच असतो. दुपारी पूर्ण वेगावर घेतलेलं वाचन त्याबद्दल काहीच सांगत नाही.

धूर कुठून सोडायचा, डक्टमध्ये की थेट डब्यात?

दोन्हीला जागा आहे. निर्मात्याने मान्य केलेला टेस्ट एरोसोल डब्याच्या चाचणीच्या छिद्रातून सोडला तर चेंबर धूर ओळखतो का ते कळतं. ट्यूबबद्दल मात्र त्यातून काहीच कळत नाही. म्हणून डब्यातली धुराची चाचणी आणि मॅनोमीटरचं वाचन ही जोडी एकत्र करायची.

डक्टमध्ये, डिटेक्टरच्या वरच्या प्रवाहात, ॲक्सेस दारातून धूर सोडणं ही जास्त खरी चाचणी, कारण धूर ट्यूबमधून स्वतःच्या पायाने येतो. अडचण अशी की मोठ्या डक्टमध्ये एरोसोलचा एक छोटा फवारा क्षणात विरून जातो. धुराचं मशीन लावलं तर पुरेसा धूर मिळतो, पण डिटेक्टरने वेळेत पंखा बंद केला नाही तर तोच धूर खोल्यांत जातो. मोठ्या एएचयूवर हे करायचं असेल तर ते माणसं नसलेल्या वेळी करा.

सिगारेट, उदबत्ती, जळका कागद यातलं काहीही नको. त्यांच्या धुराचा चिकट थर चेंबरमध्ये बसतो आणि किती धूर दिला याला काही मापही नसतं. एरोसोलही नळी धरून भसाभस मारायचा नसतो. थोडा मारा, थांबा, डिटेक्टरला वेळ द्या. चाचणी झाल्यावर चेंबरमधला धूर निघून गेल्याशिवाय रिसेट करू नका, नाहीतर तो लगेच पुन्हा अलार्मला जाईल आणि तुम्ही उगाच वायरिंग शोधत बसाल.

किती महिन्यांनी काय करायचं?

एनएफपीए ७२ या अमेरिकी अग्निसूचना संहितेनुसार नजरेची पाहणी सहा महिन्यांनी, कार्यात्मक चाचणी वर्षातून एकदा. त्या वार्षिक चाचणीतच डिटेक्टर डक्टमधली हवा खरोखर घेतो का हे निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने पडताळायचं असतं. मॅग्नेटपाशी थांबणाऱ्यांच्या नजरेतून हे कलम हमखास निसटतं. संवेदनशीलतेची (किती धुराला तो वाजतो याची) चाचणी बसवल्यापासून वर्षाच्या आत, मग एक वर्षाआड. दोन्ही वेळा डिटेक्टर ठरलेल्या मर्यादेत निघाला तर हे अंतर पाच वर्षांपर्यंत वाढवता येतं. तुमच्याकडचा नियम किंवा निर्मात्याची सूचना याहून कडक असेल तर ती चालते.

एवढं झाल्यावर स्वतःचं डोकं वापरा. कपडे धुण्याच्या जागेची, सुताराच्या कामाची किंवा कागद कापण्याच्या विभागाची हवा ओढणारा डिटेक्टर आणि स्वच्छ कार्यालयातला डिटेक्टर यांना एकच वेळापत्रक लावणं चुकीचं आहे. नवीन जागी पहिल्या वर्षी तीन-तीन महिन्यांनी झाकण उघडून बघा. किती धूळ जमते ते एकदा कळलं की पुढचं अंतर आपोआप ठरतं. आणि इमारतीत तोडफोड, घासकाम, रंगकाम झालं असेल तर वेळापत्रकाची वाट न बघता तपासा.

चाचणीआधी कोणाकोणाला सांगायचं?

ज्यांचा पंखा बंद होणार आहे त्या सगळ्यांना. शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा, सर्व्हर रूम अशा ठिकाणी पंखा बंद होणं म्हणजे नुसता उकाडा नव्हे. दोन खोल्यांमधला दाब बिघडतो, यंत्रं तापतात. तिथल्या जबाबदार माणसाने वेळ दिल्याशिवाय हात लावू नका. बाहेरचं मॉनिटरिंग असेल तर त्यांनाही कळवा, नाहीतर अग्निशमन दलाची गाडी दारात येईल.

पॅनेलवर काय काय आयसोलेट केलं, म्हणजे चाचणीपुरतं बंद ठेवलं, ते कागदावर लिहा: हूटर, लिफ्ट, दारांची कुलपं, इतर एएचयू. ज्याने आयसोलेट केलं त्यानेच परत चालू करायचं आणि त्या ओळीपुढे वेळ टाकायची. चाचणीसाठी बायपास केलेला डिटेक्टर पुढच्या वार्षिक चाचणीपर्यंत तसाच राहतो, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

पॅनेलवर अलार्म आला, पण पंखा चालूच राहिला. कुठे बघायचं?

सर्वांत आधी पंख्याच्या स्टार्टर पॅनेलवरच्या सिलेक्टर स्विचकडे. तो ‘ऑटो’वर असताना डिटेक्टरचा रिले (विजेने चालणारा स्विच) पंखा बंद करतो, पण कोणीतरी दुरुस्तीच्या वेळी ‘हँड’वर (हाताने चालवायच्या स्थितीत) टाकून तसाच सोडलेला असतो, आणि वायरिंग अशी की हँडवर डिटेक्टरचा संपर्कच तुटतो. हा मूळ वायरिंगचा दोष आहे. सुरक्षेचा इंटरलॉक हँड आणि ऑटो दोन्हींत लागू पडला पाहिजे. व्हीएफडीला बायपास असेल तर तिसरा मार्गही तपासायचा. म्हणजे एका पंख्याची चाचणी प्रत्यक्षात दोनदा किंवा तीनदा करायची. कंटाळवाणं आहे, पण दोष लपतो तो नेमका न तपासलेल्या मार्गात.

त्यानंतर रिले. वायर नॉर्मली ओपन (एरवी उघडा) आणि नॉर्मली क्लोज्ड (एरवी मिटलेला) यांतल्या चुकीच्या संपर्कावर गेली आहे का, संपर्क जळून चिकटला आहे का. कधीकधी रिलेने पंखा बंद होतो, पण बीएमएसला (इमारतीच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेला) वाटतं पंखा चुकून थांबला, आणि ते तो पुन्हा सुरू करतं. म्हणून पंखा थांबला की पाठ फिरवू नका, काही मिनिटं तिथेच उभे राहा. सप्लायबरोबर रिटर्नचा पंखाही थांबला का ते बघा. डँपरचं बोलायचं तर बीएमएसवर ‘क्लोज्ड’ लिहून आलेलं पुरेसं नाही. ॲक्च्युएटरचा (डँपर फिरवणाऱ्या मोटरचा) दांडा फिरतो आणि पाती गंजून जागच्या जागी राहतात असं होऊ शकतं. ॲक्सेस दार उघडून, टॉर्च मारून पाती बघायची.

एक अपवाद लक्षात ठेवा. धूर बाहेर काढण्यासाठीच असलेला पंखा आगीत चालू राहायला हवा, बंद होता कामा नये. कोणत्या डिटेक्टरने कोणता पंखा थांबवायचा आणि कोणता सुरू करायचा याचा इमारतीचा तक्ता असतो. तो हातात नसताना चाचणीला जाऊ नका.

काही कारण नसताना वाजतो. संवेदनशीलता कमी करून चालेल का?

आधी पॅनेलचा इतिहास काढा आणि वेळा बघा. रोज पहाटे वाजत असेल तर बाहेरच्या हवेबरोबर येणारं धुकं किंवा डब्यात धरणारं दव. डबा थंड जागेत आणि डक्टमधली हवा उबदार, दमट असेल तर पाणी डब्यातच जमतं. अशा ठिकाणी डब्याला उष्णतारोधक आवरण लागतं. थंडीच्या पहिल्या दिवशी हीटर चालू केल्यावर वाजला तर हीटरच्या तारांवर वर्षभर साचलेली धूळ जळली. फिल्टर बदलताना वाजला तर झटकलेली धूळ. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी वाजत असेल तर बाहेरची हवा घेण्याच्या तोंडाशी जनरेटरचा किंवा वाहनांचा धूर येतोय का पाहा. ह्युमिडिफायरची वाफ आणि चेंबरमध्ये शिरलेले किडे हेही नेहमीचे.

आणि बेल्ट घसरून रबर जळत असेल तर तो धूर खराच आहे. डिटेक्टर चुकला नाही.

झाकणाचं रबरी पॅकिंग हा कमी लक्ष दिला जाणारा दोष. डक्टमध्ये दाब कमी असेल तर सैल झाकणातून एएचयूच्या खोलीतली धूळ डब्यात ओढली जाते. आता तो डिटेक्टर डक्टऐवजी खोलीची हवा तपासतोय. यातलं कोणतंच कारण संवेदनशीलता कमी करून जात नाही. फक्त खऱ्या धुराच्या वेळी उशीर होतो.

साफसफाई कशी करायची?

डिटेक्टर आयसोलेट करा. डब्यातली आणि चेंबरच्या बाहेरची धूळ व्हॅक्यूमने ओढा, हट्टी धुळीला मऊ ब्रश. कोरड्या दाबाच्या हवेने फुंकायचं तर हलक्या हाताने, धूळ आत ढकलली जाणार नाही अशा बेताने. पाणी, साबण, थिनर, कॉन्टॅक्ट क्लीनर यांना चेंबरजवळ जागा नाही. चेंबर उघडता येतो की नाही हे मॉडेलवर अवलंबून. जो उघडायचा नसतो तो उघडून पुन्हा नीट बसत नाही.

ट्यूब काढण्याआधी तिच्या तोंडावर आणि डब्यावर मार्करने एक सरळ रेघ मारा. परत बसवताना ती रेघ जुळली की दिशा चुकत नाही. भोकं एकेक करून मोकळी करा. ती मोठी करू नका, त्यांचा आकार ठरवून दिलेला असतो. टोकाचं बूच परत लावा. ते नसेल तर हवा भोकांऐवजी टोकातूनच शिरते आणि डक्टच्या रुंदीभरातला नमुना मिळत नाही. तीन फुटांहून, म्हणजे ०.९ मीटरहून लांब ट्यूबला पलीकडच्या टोकाला आधार लागतो. नाहीतर ती वाऱ्यात थरथरून सैल होते.

साफसफाईनंतर पुन्हा मॅनोमीटर, पुन्हा धूर. झाकण सैल राहिलं, ट्यूब फिरली, असल्या चुका साफसफाईतच होतात.

डिटेक्टर डक्टच्या कोपराला (वळणाला) लागूनच बसवला आहे. चालेल?

चाचणीत पास होऊ शकतो, तरी जागा वाईटच. वळण, डँपर, डक्टला फुटलेली फांदी यांच्या जवळ हवा भोवरे घेते आणि धूर डक्टच्या एका बाजूने निघून जाऊ शकतो. त्यासाठी डक्टच्या रुंदीच्या सहा ते दहा पट सरळ लांबी असावी असं मार्गदर्शन आहे. प्रत्यक्षात इतकी जागा क्वचित मिळते, पण दोन जागांमध्ये निवड करता येत असेल तर सरळ तुकडा निवडा. एनएफपीए ९०ए या वातानुकूलन यंत्रणांच्या मानकाप्रमाणे मिनिटाला २००० घनफुटांहून मोठ्या सप्लाय यंत्रणेत डिटेक्टर फिल्टरच्या पुढे आणि पहिल्या फांदीच्या आधी हवा. एकाहून जास्त मजल्यांना पुरवणाऱ्या आणि मिनिटाला १५,००० घनफुटांहून मोठ्या रिटर्न यंत्रणेत तो प्रत्येक मजल्यावर, सामाईक डक्टला मिळण्याआधी. चुकीची जागा देखभालीने सुधारत नाही, हलवावीच लागते.

पॅनेलवर अलार्म नाही, पण ‘ट्रबल’ (बिघाड) दाखवतो.

बहुतेक वेळा झाकण नीट बसलेलं नाही, वीजपुरवठा गेला आहे, किंवा चेंबर इतका मळला आहे की डिटेक्टर स्वतःच सांगतोय. पुष्कळ डिटेक्टर साचत्या धुळीचा हिशेब धरून स्वतःची पातळी सरकवत राहतात. ती सोय संपली की हा संदेश येतो. तो रिसेट करून पुढे ढकलायचा नसतो.

किती वर्षांनी बदलायचा?

दहा वर्षांचा नियम सगळे ऐकून असतात, पण एनएफपीए ७२ मधला तो नियम घरगुती स्मोक अलार्मचा आहे. डक्ट डिटेक्टरसाठी निर्मात्याने सांगितलेलं आयुष्य आणि संवेदनशीलतेच्या चाचणीचा निकाल बघायचा. साफ करूनही मर्यादेत येत नसेल तर वय दोन वर्षं असो की बारा, बदला. बदलताना नवा डिटेक्टर जुन्या डब्यात आणि जुन्या पॅनेलशी चालणारा आहे का ते आधी पाहा. छताचा डिटेक्टर डब्यात बसतो म्हणून तो डक्टसाठी योग्य ठरत नाही. डक्टसाठी यूएल २६८ए (अमेरिकी), ईएन ५४-२७ (युरोपीय) अशी वेगळी मानकं आहेत.

नोंदीत काय लिहायचं?

‘तपासले, ठीक’ याला काही अर्थ नाही. दाबाच्या फरकाचा आकडा आणि त्या वेळचा पंख्याचा वेग लिहा. धूर कुठून सोडला ते लिहा. पंखा थांबलेला आणि डँपर मिटलेला प्रत्यक्ष पाहिला की पॅनेलवर वाचला, तेही लिहा. पुढच्या वर्षी ०.१५ इंचाच्या जागी ०.०४ आले तर दोन्ही आकडे मर्यादेतच असतील, पण मधे काहीतरी तुंबतंय हे नोंदीमुळेच कळेल.

नकाशावर डिटेक्टर आहे, पण जागेवर सापडत नाही.

हसू नका, हा प्रश्न खरंच नेहमी येतो. मॅग्नेटच्या चाचणीचाही इथे उपयोग नाही, कारण मॅग्नेट लावायला आधी डबा सापडायला हवा. भिंतीवर रिमोट इंडिकेटर किंवा टेस्ट स्विच असेल तर त्याच्या पाइपचा माग काढत वर जा. नसेल तर एएचयूपासून सुरुवात करून डक्टच्या बाजूने टॉर्च मारत चला. सप्लायचा फिल्टरनंतर, रिटर्नचा एएचयूत शिरण्याआधी किंवा मजल्याच्या डक्टवर. सापडला की झाकणावर एएचयूचा आणि पॅनेलवरचा क्रमांक जाड अक्षरांत लिहा, खालच्या सीलिंग टाइलच्या चौकटीवर तोच क्रमांक चिकटवा, आणि टाइल काढल्यावर शिडीवरून हात पोचत नसेल तर ॲक्सेस दाराची मागणी त्याच दिवशी लेखी द्या.